खिशातल्या चिठ्ठ्या

जालन्याच्या मोसंबी मार्केटातल्या एका आडत दुकानात एक मुनीमजी होते. हिशेब आधी लाल कापडी वहीत ठेवायचे. पुढे दुकानात संगणक आला तशी शीटमध्ये आकडे भरू लागले, पण वही सोडली नाही. रोजचं शीटमध्ये, आठवड्याचं वहीत आणि दिवाळीला पूजा वहीचीच. मालकांना सगळे शेठ म्हणत. शेठ दिलदार आणि बोलके. कुणाला उचल द्यायची, कुणाला भावात सांभाळून घ्यायचं, हे ते उभ्या उभ्या, फोनवर, चहाच्या टपरीवर बोलून मोकळे होत. ते कागदावर आणायचं काम मुनीमजींचं. कधी त्यांच्या कानावर येई, कधी येतही नसे.

2025 चा सप्टेंबर मराठवाड्याला फार वाईट गेला. अतिवृष्टी झाली, जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले आणि गोदाकाठच्या रानांत पाणी शिरलं. जालन्याची मोसंबी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं. पण मोसंबीच्या मुळाशी पाणी तुंबून राहिलं की झाड तग धरत नाही. मुळं कुजली, आंबे बहाराची फळं तोडणीआधीच गळून बांधावर सडली. ज्यांच्या हाताला थोडाबहुत माल लागला ते तो टेम्पोत घालून मार्केटात आले, तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती.

त्याच दिवसांत दुकानातल्या संगणकाचा प्रश्न निघाला. मशीन विंडोज 10 चं. 14 ऑक्टोबर 2025 पासून मायक्रोसॉफ्टने त्या विंडोजच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. विंडोज 11 घालावं, तर त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि ती या जुन्या मशीनमध्ये नव्हती. नवं मशीन घ्यायचं शेठच्या मनात नव्हतं. त्यांची भाची तंत्रनिकेतनात शिकत होती. ती म्हणाली, "मामा, मशीन चांगलं आहे. मी लिनक्स घालून देते, पैसे लागत नाहीत."

शेठने एकच अट घातली. "जुन्या डिस्कला हात लावायचा नाही. सगळ्या शेतकऱ्यांचा हिशेब तिच्यात आहे."

भाचीने अट पाळली. घरातल्या बिघडलेल्या लॅपटॉपची एक लहान डिस्क होती, तिच्यावर घरीच एक हलकं लिनक्स घातलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला ती घेऊन हजर झाली. मशीनचा दिवा विझलेला होता. तिने पाठीमागचं झाकण काढलं, नवी डिस्क शेजारी जोडली आणि तिच्यावरून मशीन सुरू केलं. सगळं नीट आलं. फक्त जुन्या डिस्कवरचा हिशेब दिसेना.

याचं कारण साधं होतं. विंडोज आपल्या डिस्कवर फाइली ज्या पद्धतीने मांडतं तिचं नाव एनटीएफएस. ही मांडणी 1993 पासूनची. पण तिचा संपूर्ण तपशील मायक्रोसॉफ्टने कधी खुला केला नाही. लिनक्सच्या बाजूने ज्यांनी ती समजून घेतली त्यांनी डिस्कवरचा एकेक बाइट तपासत, ताडून पाहत समजून घेतली. बरीच वर्षं लिनक्सला एनटीएफएस नुसतं वाचता येई. भरवशाने लिहिता येत नसे. 2006 मध्ये साबोल्च साकाचित्स या हंगेरियन प्रोग्रामरने एनटीएफएस-थ्रीजी हा मुक्त ड्रायव्हर पुढे आणला, 2007 च्या फेब्रुवारीत त्याची पहिली पक्की आवृत्ती आली आणि जगभरच्या सामान्य माणसाला दोन्हीकडे लिहिता येऊ लागलं. हा ड्रायव्हर फ्यूज नावाच्या सोयीवर चालतो. फ्यूज 2005 पासून लिनक्सच्या गाभ्यात आहे, आणि त्यामुळे फाइली हाताळणारा प्रोग्राम गाभ्याच्या बाहेर राहून काम करू शकतो. ही माणसं आपल्या ओळखीची नाहीत. पण जालन्यातल्या एका आडतीचा हिशेब ज्या मशीनवर उघडतो, तिथपर्यंत त्यांची मेहनत पोचलेली असते, आणि तिची आठवण ठेवणं मला आपलं कर्तव्य वाटतं.

भाचीच्या हलक्या लिनक्समध्ये हा ड्रायव्हर नव्हता. तिने मोबाइलवरून नेट घेतलं, पॅकेज उतरवलं, डिस्क जोडायची आज्ञा दिली. आता फोल्डर दिसले. 'मोसंबी पट्टी' नावाची शीट दिसली. ती खूश झाली. मग तिने तिथेच एक रिकामी फाइल करून पाहिली आणि मशीनने नकार दिला. वर तीन ओळींचा संदेश आला होता: विंडोज झोपवलेल्या स्थितीत आहे, डिस्क लिहिण्यासाठी सुरक्षित नाही, म्हणून नुसती वाचायला देत आहे, विंडोज पुन्हा जागं करून पूर्ण बंद करा.

तिने संदेश ओझरता पाहिला. मशीन तर बंदच होतं, दिवा विझलेला तिने स्वतः पाहिला होता. एव्हाना दुकानासमोर माणसं जमू लागली होती.

"काय झालं गं?"

"मामा, वाचता येतंय, लिहिता येत नाही. ड्रायव्हर अडवतोय. एक आज्ञा आहे, ती दिली की लिहू देईल. दोन मिनिटांचं काम."

"वाचता येतंय ना? मग आधी पट्ट्या काढ. माणसं खोळंबलीत."

तिने शीटची नक्कल नव्या डिस्कवर घेतली आणि पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, छापायला लागली. प्रिंटर चालू झाला. मुनीमजी एकेक पट्टी फाडून नाव पुकारत होते.

घनसावंगी तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावातून आलेले एक म्हातारे बाबा बाकावर बसले होते. त्यांच्या मालाचा लिलाव आदल्या दिवशी झाला होता. पट्टी हातात आली तशी त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. खाली आकडा अगदी बारका होता. हमाली, तोलाई आणि त्याच्याखाली उचल वजा : 40,000.

बाबांनी पट्टी घडी करून खिशात घातली. उठले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"शेठ, तुमचं बरोबर असंल. पण काल संध्याकाळी तुम्हीच म्हणला होता, औंदा उचल कापत न्हाई म्हणून. पोरीला तसं कळवलं बी फोनवर."

शेठचा चेहरा उतरला. "मुनीमजी, मी काल सांगितलं होतं ना? गोदाकाठच्यांची उचल या बहराला कापायची नाही. कुणाची निम्मी, कुणाची अजिबात नाही. आपण बसून एकेक नाव घेतलं."

"घेतलं. मी तिथंच भरलं, तुमच्यासमोर."

"मग यात कसं नाही?"

मुनीमजींनी पट्टी हातात घेतली, पडद्याकडे पाहिलं. काल भरलेलं एकही नाव तिथे बदललेलं नव्हतं. तीस वर्षांत त्यांच्या हिशेबावर असा प्रसंग आला नव्हता आणि बाकावरची सगळी माणसं आता आपापली पट्टी उघडून बघायला लागली होती.

भाचीने विचारलं, "मुनीमजी, भरल्यावर सेव्ह केलं होतं?"

"करणारच होतो. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस बोंबलायला लागलं."

"मग मशीन बंद कसं केलं?"

"बंद कुठं केलं? हायबरनेट केलं. रोज तेच करतो. सकाळी जिथं सोडलं तिथून उघडतं, पुन्हा शोधायला लागत नाही."

भाची खुर्चीवर मागे टेकली. मघाशी ओझरता पाहिलेला संदेश तिने आता शब्दन् शब्द वाचला. मग मुनीमजींना समजावून सांगायला लागली. हायबरनेट करताना मेमरीत जे काही उघडं असेल ते विंडोज एका मोठ्या फाइलमध्ये ओतून ठेवतं आणि वीज सोडून देतं. मशीन बाहेरून बंदच दिसतं. पण विंडोजच्या लेखी काम संपलेलं नसतं. कुठली फाइल उघडी आहे, डिस्कवर अजून काय लिहायचं राहिलंय, हे सगळं त्या फाइलमध्ये असतं.

"म्हणजे," मुनीमजी सावकाश म्हणाले, "एक मुनीम घरी गेलाय आणि त्याच्या खिशात अजून वहीत न चढवलेल्या चिठ्ठ्या आहेत. वहीत दिसतं ते आधीचं. खरं ते खिशात."

"अगदी तेच."

"आणि तू मघाशी म्हणत होतीस ती आज्ञा काय करते?"

भाचीने ड्रायव्हरबरोबर येणारं माहितीपान उघडलं. तो पर्याय तिला पाठ होता, कारण अशा अडचणीत जो तो तोच सुचवतो. पण त्याच्यापुढचं वाक्य तिने कधी वाचलं नव्हतं. पर्याय वापरला तर विंडोजची झोपेची फाइल पुसली जाईल, त्यात साठवलेलं काम पूर्णपणे जाईल, आणि हे ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर करावं, असं त्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"चिठ्ठ्या जाळून टाकते," ती म्हणाली.

दुकानात कुणी काही बोललं नाही. शेठनी हिशेब करून पाहिला: काल किती नावं घेतली होती? बाबांचं एक आठवत होतं. अंबडच्या दोन भावांचं आठवत होतं. परतूरकडच्या एकाची निम्मी कापायची की पाव, यावर शेठ आणि मुनीमजींचं एकमत होईना. बाकीची नावं दोघांनाही सांगता येईनात. ज्यांनी ऐकलं होतं त्यातले निम्मे आपापल्या गावी गेलेले, आणि त्यातला एखादा बाबांसारखाच पट्टी घडी करून खिशात घालणारा असणार, दारातून परत न फिरणारा.

"चिठ्ठ्या तशाच ठेवून दुसऱ्या मुनीमाने वहीत लिहिलं तर?" मुनीमजींनी विचारलं.

"तर आणखी वाईट. विंडोज उठेल तेव्हा त्याला वाटेल वही आपण सोडली तशीच आहे. त्या समजुतीनं ते वर आपल्या चिठ्ठ्या चढवेल. दोघांचं एकमेकांवर लिहिलं जाईल. मग वहीच फाटते, फाइली गायब होतात."

"म्हणजे तो अडवत होता ते बरोबर होतं."

भाचीने मान हलवली. तिने सगळ्या पट्ट्या परत गोळा केल्या, नवी डिस्क काढून ठेवली आणि जुन्या डिस्कवरून मशीन सुरू केलं. विंडोज उठलं. पडद्यावर कालची शीट जशीच्या तशी उघडी होती. कर्सर एका रिकाम्या चौकटीत लुकलुकत होता, वर गोदाकाठच्या गावांची नावं आणि प्रत्येकापुढे बदललेला आकडा. परतूरवाल्याची ना निम्मी कापायची होती, ना पाव, कापायचीच नव्हती. दोघांचंही चुकलं होतं.

मुनीमजींनी शीट सेव्ह केली. मग पुन्हा उघडून नावं वाचून दाखवली, शेठनी एकेकाला हो म्हटलं.

त्यानंतर भाचीने विंडोजमध्ये प्रशासकाच्या अधिकारात powercfg ही आज्ञा देऊन हायबरनेशनच बंद केलं. त्याची गरज होती, कारण 2012 च्या विंडोज 8 पासून नुसतं शटडाउन दाबलं तरी मशीन बहुधा पुरतं बंद होत नाही. लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज आपला गाभा झोपेच्याच फाइलमध्ये ठेवून जातं. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात, आणि एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स वापरणारे लोक या एका गोष्टीपायी अनेकदा अडखळतात. हायबरनेशन बंद केलं की फास्ट स्टार्टअपही बंद होतं. मग तिने मशीन पूर्ण बंद केलं, दुसरी डिस्क जोडली, लिनक्स सुरू केलं, जुनी डिस्क मागितली. ड्रायव्हरने ती उघडून दिली आणि लिहूही दिलं. बाबांची पट्टी नव्याने छापली गेली. उचलीच्या ओळीपुढे शून्य होतं.

त्या रात्री भाचीला झोप लागेना. तिला एकाच गोष्टीचं कुतूहल होतं: ड्रायव्हरला कळलं कसं? मुक्त सॉफ्टवेअरचं हे मोठेपण, की असं विचारणाऱ्याला उत्तर मिळतं. ज्याच्या मनात येईल त्याला आत डोकावता येतं. तिने एनटीएफएस-थ्रीजीचा मूळ कोड उतरवून घेतला आणि शोधत शोधत त्या जागेवर पोचली. ड्रायव्हर डिस्कच्या मुळाशी झोपेची फाइल आहे का ते पाहतो. असली तर तिचं पहिलं पान उघडतो आणि सुरुवातीची चार अक्षरं तपासतो. एच, आय, बी, आर. ती तिथे असली की समजायचं, आत कुणाचं तरी अर्धं काम आहे. मग लिहायचं नाही.

कोड लिहिणाऱ्याला त्या फाइलच्या आत काय आहे हे कळायला मार्ग नव्हता. बाबांची उचल त्याला माहीत नव्हती, गोदावरीचं नाव त्याने ऐकलं असण्याचं कारण नव्हतं. आत एखादं पत्र असेल, अर्धा खेळ असेल, काहीच नसेल. तरी त्याने ठरवलं की मालकाला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही; आणि मालकाने हट्टच धरला तर त्याला पर्याय द्यायचा, पण काय जाईल ते आधी सांगायचं. शिवाय नकार देतानाही दार पूर्ण लावलं नाही. वाचायची मोकळीक ठेवली. माझ्या मते एवढ्या चार अक्षरांच्या तपासणीत जी सभ्यता आहे ती बऱ्याच व्यवहारात सापडत नाही. घाईत असलेल्याला ती आडमुठेपणा वाटते, हेही खरं.

भाचीने दुसऱ्या दिवशी मराठीत एक कागद लिहून मशीनच्या अंगावर चिकटवला: काम सेव्ह करा, मग शटडाउन, लाइट गेली तरी आधी सेव्ह, डिस्कने लिहू दिलं नाही तर कुठलीही आज्ञा देण्याआधी वर आलेला संदेश पूर्ण वाचा.

मुनीमजींनी तो कागद दोनदा वाचला. ते संगणकाच्या बाबतीत त्यानंतर फारसं काही बोलले नाहीत, पण त्यांच्या डोक्यात काहीतरी चाललेलं होतं.

लक्ष्मीपूजनाला दोन दिवस होते. हिशेबाचं वर्ष सरकारी रीतीने मार्चअखेर संपतं, तरी या दुकानात दिवाळीला जुन्या वहीखाली रेघ मारून नव्या वहीची पूजा करायची पद्धत होती. त्यासाठी सगळ्यांची खाती मिटवून घ्यावी लागत, कारण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुकानातून पैसा बाहेर द्यायचा नाही. त्या संध्याकाळी वर्दळ ओसरली तसे शेठ गादीवर येऊन बसले. समोर नवी वही होती, हळदकुंकू लावायची वाटी तयार होती.

"बेरीज झाली?"

"झाली."

"मग मारा रेघ."

मुनीमजींनी फूटपट्टी वहीवर ठेवली, पेन हातात घेतलं आणि थांबले. "शेठ, रेघ मारायच्या आधी विचारतो. तुमच्या खिशात काही आहे का?"

"काय असणार?"

"बोललेलं. वहीत न आलेलं."

शेठ हसले नाहीत. थोडा वेळ छताकडे पाहत बसले. मग सांगायला लागले. बदनापूरच्या एकाला हमाली सोडून देतो म्हणालो होतो. एका टेम्पोवाल्याला पुरात तीन दिवस अडकला त्याची खोटी भरून देतो म्हणालो होतो. शेडमधल्या एका हमालाच्या मुलीच्या फीचे अर्धे पैसे. मुनीमजी एकेक लिहीत गेले. लिहायचं थांबलं की वर बघत, काही बोलत नसत, पेन खाली ठेवत नसत.

"झालं?"

"झालं."

मुनीमजींनी फूटपट्टी सरकवली.

"थांबा," शेठ म्हणाले. बराच वेळ गेला. "राजूरकडचा एक बागवान. पावसाच्या आधी त्याच्या बागेत गेलो होतो. म्हणालो होतो, भाव पडला तरी तुला टनामागं हजार रुपये जास्त देईन, माल दुसरीकडे नेऊ नको. त्याने नेला नाही. भाव पडला. मी पट्टी बाजारभावानेच केली."

"त्याने विचारलं नाही?"

"नाही विचारलं. आम्ही दोघंच होतो बागेत. आता दीड महिना होत आला." शेठ थांबले. "औंदा आपल्यालाही फार सुटलेलं नाही, मुनीमजी."

मुनीमजींनी वही त्याच पानावर उघडी ठेवली. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, आणि रेघही मारली नाही.

भाची कोपऱ्यात प्रिंटरची शाई बदलत होती. ती मामाकडे बघायला लागली.

"किती टन होता त्याचा माल?" शेवटी शेठनी विचारलं.

मुनीमजींना शोधावं लागलं नाही. "साडेअकरा."

"मग साडेअकरा हजार त्याच्या खात्यावर जमा करा. आणि त्याला आत्ता फोन लावा. उद्या सकाळीच ये म्हणावं, परवा दिवाळीचं देता येणार नाही."

मुनीमजींनी आकडा मांडला, बेरीज नव्याने केली, आणि फोन उचलला.